चित्रातला ठिपका आणि शरीरातला रोग

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत एक चित्र वारंवार छापले जाते. माणसाच्या शरीराची धूसर आकृती आणि तीवर चमकणारे ठिपके. खाली ओळ असते, ‘पेट स्कॅनमध्ये दिसणारा कर्करोगाचा प्रसार’. या ओळीला आमचा आक्षेप आहे.

या स्कॅनला कर्करोग दिसत नाही. साखर कोठे अधिक शोषली जाते, ते दिसते. फ्लुओरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. जेथे ते साठते, तेथून गॅमा किरण जास्त येतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखरेच्या बाबतीत अधाशी असतात, हे खरे. पण मेंदूही अधाशी असतो आणि क्षयाची गाठही. आपल्या देशात हा मुद्दा गौण नाही. चमकणारी गाठ पाहून ‘रोग पसरला’ असे ठरवले आणि ती क्षयाची निघाली, तर उपचाराची दिशाच चुकते. म्हणून शंका असेल तेथे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. उलट, काही मिलिमीटरची गाठ यंत्राच्या नजरेतून निसटू शकते. चित्रातले रंगही संगणकाने भरलेले असतात.

दुसरा आक्षेप असा की, या लेखांत अंतराचा विचार नसतो. भारतातील असे पहिले यंत्र २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. पुढे इतर शहरांतही आली. फ्लुओरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. मुंबईहून माण तालुक्यातील दहिवडीला गाडीने साडेपाच तास लागतात असे धरू. ३३० मिनिटे म्हणजे तीन अर्धायुष्ये. उरतो फक्त आठवा भाग. म्हणून सहसा अणू रुग्णाकडे येत नाही, रुग्णालाच शहर गाठावे लागते. म्हसवडच्या मजुराच्या हिशेबात एसटीचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरीही येते.

यंत्राचे कौतुक करताना साध्या हातांची दखल राहून जाते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख महिला होत्या. त्यांपैकी निम्म्या गटातील महिलांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील महिलांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्याखालील वयात तसा फरक दिसला नाही.

शिक्षकांनी ते चित्र वर्गात जरूर दाखवावे, पण खालची ओळ झाकून. मुलांनाच ती लिहू द्यावी. ‘येथे साखर जास्त शोषली गेली, कारण शोधावे’ एवढे त्यांनी लिहिले, तरी पुष्कळ झाले.