दिवस बुडताना

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा सासूबाई ठणठणीत होत्या. मी रडले, ‘छान सिनेमा’ म्हणाले आणि विसरले. दुसऱ्यांदा पाहिला तो त्यांना डिमेन्शिया झाल्यावर, रात्री त्या झोपल्यावर. त्या वेळी रडू आलं नाही, थोडा राग आला.

२०१३ सालच्या या सिनेमात डॉ. मोहन आगाशे यांनी चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित उभे केले आहेत. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून कामासाठी उतरते, तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. शास्त्रीबुवा तिलाच आई समजतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिचं कानडी वळणाचं बोलणं आम्हा बेळगावकरांना अगदी घरचं वाटतं.

सिनेमाचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ज्ञान गेलं तरी माणूस उरतो, आणि तो आज जिथं आहे तिथं आपण जायचं असतं. सासूबाईंना माझं नाव आठवत नाही, पण णमोकार मंत्र एका दमात म्हणतात.

मग राग कशाचा? चन्नम्माला शास्त्रीबुवा दिवसभरासाठी मिळाले. त्यांचं पूर्वीचं रूप तिनं पाहिलेलंच नाही, म्हणून तिला तुलना करावी लागत नाही. इराला रोज करावी लागते. प्रेक्षक मात्र चन्नम्माची माया घेऊन घरी जातो आणि इराचं थकणं त्याला कमीपणाचं वाटतं. आमच्याकडे नणंद दोन दिवस येते. तिच्यासमोर सासूबाई हसतात, गोड बोलतात. ती म्हणते, “वहिनी, आई तर बरी आहे की!” मी काय बोलणार?

आमची परीक्षा दिवस बुडताना असते. या वेळी अशा रुग्णांची बेचैनी वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. सासूबाईंनी जन्मभर रात्रीभोजनाचा त्याग पाळला. सूर्यास्ताआधी त्यांना जेवू घातलं तरी आठ वाजता म्हणायच्या, “मला कुणी वाढलंच नाही.” आधी मी वाद घातला, “आमटी-भात जेवलात की!” त्या रडायच्या. मग मी सांगू लागले, “दिवस बुडला, आता उद्या.” त्या हात जोडून गप्प बसायच्या. नियम आठवणीपेक्षा खोल रुतला होता. एके दिवशी तोही निसटला. लेकरासारख्या भुकेनं रडायला लागल्या. मी कपभर कोमट दूध दिलं. त्या रात्री मला झोप नाही. त्यांचं व्रत मी मोडलं का? आज मला वाटतं, व्रत घेणारी जाणीव उरली नाही तिथं पाळण्याची सक्ती माझी. आणि भुकेल्या जिवाला रडत ठेवणं हे अहिंसेत बसत नाही. कुणाला पटणार नाही. असू दे.

‘अस्तु’ म्हणजे ‘तसं असो’. पण स्वीकाराला हात लागतात, आणि ते एकाच बाईचे असून भागत नाही. आता चार ते आठ एक कानडी बाई येते. परकी बाई घरात, कांदा-लसूण न चालणारं स्वयंपाकघर, लोक काय म्हणतील, या विचारात मी वर्ष घालवलं. ती आल्याबरोबर दिवे लावते, टीव्ही बंद करते, त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसते. सासूबाई तिला ‘अक्का’ म्हणतात. मला पुन्हा चन्नम्मा आठवते. फरक इतकाच की आमच्या अक्काला आठवड्याची सुट्टी आहे आणि पगार एक तारखेला मिळतो. माया मिळाली म्हणून मोबदला चुकवायचा नसतो. पडद्यावरच्या चन्नम्माला पाहून डोळे पुसताना आपण हे विसरतो.

‘अस्तु’ जरूर पाहा. घरात असा रुग्ण असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा, नणंदेला, दिरालाही बोलवा. सिनेमा संपल्यावर एकच विचारा: उद्या संध्याकाळी चार ते आठ कोण बसणार?