कड्यांचं निष्क्रिय खातं

डोंगर चढण्यावरचं कुठलंही मराठी पुस्तक उघडा. बहुधा लिंगाणा भेटतो, मग तैलबैला, मग हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि शेवटी खंडाळ्याचं ड्यूक्स नोज. वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक साहेबाला दगडात दिसलं. साहेब गेला, नाक राहिलं. आपली मुलं अजून त्याला दोर लावताहेत. 'नागफणी' हे घरचं नाव कंसात!

आमची तक्रार लेखकांच्या शैलीबद्दल नाही. दर चार पानांनी छाती दडपते, ती दडपो बापडी. तक्रार भूगोलाची आहे. हरिश्चंद्रगडाकडून एक रांग पूर्वेला निघते, अहिल्यानगर जिल्हा ओलांडते आणि बालाघाट म्हणून बीडमध्ये शिरते. म्हणजे कोकणकडा आणि आमचे कडे एकाच घराण्यातले. दगडही तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण थोरला मुंबईच्या बाजूला राहिला, धाकटा मराठवाड्यात. लग्नपत्रिका कुणाला जाते, हे सांगायला नको.

पाटोदा तालुक्यातलं सौताडा घ्या. पावसाळ्यात विंचरणा नदी पठारावरून थेट दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचं देऊळ. लोक येतात, पाणी बघतात, भजी खातात, जातात. पाणी ज्यावरून पडतं, त्या दगडाची चौकशी कोणी करीत नाही. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारलाही धबधबा आहे; तिथं मन्मथस्वामींच्या समाधीला भाविक येतात, दोरवाले नाहीत. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधला. त्याला ही डोंगरकड पसंत पडली, आपल्या लेखकांना पडत नाही.

उगाच भरीला घालावं, असा आमचा हेतू नाही. या दगडात कठीण थरामध्ये ठिसूळ थर असतो. हाताला आला म्हणून तो भरवशाचा समजू नये. कपारीत आग्यामोहोळ असलं तर ते सभासदत्व न विचारता स्वागताला येतं. देवळाच्या माथ्यावर चढू नये, गावाला विचारल्याशिवाय तर कुठंच नाही. पण जाणत्यांनी येऊन दगड ठोकून बघावा, चांगल्या वाटा नोंदवाव्यात, वाईटांवर फुली मारावी. बँकेत व्यवहार नसलेल्या खात्याला निष्क्रिय म्हणतात. त्यात शिल्लक नसते असं नव्हे.

आणि एक हिशेब. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस लवकर आटोपतो, कडे सुकतात आणि दिवाळीनंतर चढाईचे दिवस सुरू होतात. नेमक्या त्याच दिवसांत इथली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला घाट उतरतात. पोरांची शाळा अर्ध्यावर राहते. दहा दोरवाले आले म्हणून कोयता सुटणार नाही, एवढं आम्हालाही कळतं. पण चहा, भाकरी आणि वाटाड्याची मजुरी यांवर एखादं घर जरी हंगामभर उघडं राहिलं, तरी त्या घरातल्या पोराचं नाव हजेरीपटावर राहील. ड्यूकच्या नाकानं तेवढं केलं तरी पुष्कळ झालं असतं.