६५ टक्के आर्द्रता, २४ अंडी आणि एक घाईचा निष्कर्ष

मागच्या महिन्यात एका मुलाचा प्रकल्प अहवाल वाचायला मिळाला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, घर राजारामपुरीत आठव्या गल्लीत. माडीवर थर्माकोलच्या पेटीत बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा ट्रे ठेवून त्याने गावठी कोंबडीची अंडी उबवली. त्याच्या परवानगीने, नाव न सांगता, त्यावर लिहितोय. कारण ह्याच आधारावर तो पीएच.डी.साठी आराखडा लिहितोय, आणि गावाकडे त्याच्या मावशीचा बचत गट मशीन घेऊन आकडा ६५ वर लावणार आहे. म्हणजे निष्कर्ष चुकला तर फटका फक्त मार्कांना बसत नाही.

प्रयोग असा. एप्रिलमध्ये आर्द्रता ५५ टक्के ठेवून २४ अंडी लावली, १८ पिल्लं निघाली. जुलैमध्ये ६५ टक्के ठेवून २४ लावली, २० निघाली. तापमान दोन्ही वेळा ३७.५. निष्कर्ष: जास्त आर्द्रतेत उबवण चांगली होते.

आधी सोपं ते घेऊ. २४ पैकी १८ म्हणजे ७५ टक्के. पण एवढ्या छोट्या नमुन्यावर ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ५५ ते ८८ येते. २४ पैकी २० ची येते ६४ ते ९३. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. दोन पिल्लांचा फरक नुसत्या योगायोगाने सहज पडतो. शिवाय ह्या २४ मध्ये फलित अंडी किती होती? सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून अंडी बघितली असती तर कळलं असतं. एका खेपेत चार अंडी कोरी निघाली असतील, तर त्यात आर्द्रतेचा काय दोष? अहवालात भाजक कुठला धरलाय हे लिहिलेलंच नाही. तुम्ही कुठलाही पेपर वाचाल तेव्हा टक्केवारीच्या खालचा आकडा आधी शोधा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ह्या मुलाने आर्द्रता बदलली असं तो म्हणतो. प्रत्यक्षात त्याने ऋतू बदलला.

गणित करून बघा. ३७.५ अंशाला हवेत जास्तीत जास्त ६.४५ किलोपास्कल बाष्पदाब मावतो. समजा जुलैतल्या पावसाळी दिवशी खोलीत २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. ह्या हवेतला बाष्पदाब सुमारे २.८५. हीच हवा पेटीत तापली की आर्द्रता होते ४४ टक्के, ट्रेमध्ये थेंबभर पाणी नसताना. आता एप्रिलची दुपार धरा, ३५ अंश आणि २५ टक्के: पेटीत जेमतेम २२. म्हणजे 'ट्रे अर्धा भरा' हा सल्ला एका ऋतूत अपुरा आणि दुसऱ्यात जास्तीचा ठरू शकतो. आणि एप्रिलची अंडी पेटीत जाण्याआधी किती दिवस त्या तापलेल्या खोलीत पडून होती? ३५ अंशात अंडं साठवलं तर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि पुढे उबवणक्षमता घटते. चार पिल्लं कमी-जास्त व्हायला एवढं एकच कारण पुरतं.

बरं, आर्द्रता मोजली कशाने? डीएचटी११ ने. परीक्षेच्या आदल्या रात्री मिळणारा स्वस्त सेन्सर म्हणून माझंही त्याच्यावर प्रेम आहे. पण उत्पादकाच्याच माहितीपत्रकात त्याची अचूकता आर्द्रतेला ±५ टक्के आणि तापमानाला ±२ अंश दिलेली असते. मग ५५ आणि ६५ मधलं अंतर उरतं किती? तो म्हणेल, सेन्सर तोच होता, चूक एकाच दिशेची असणार. मान्य, पण दमट पेटीत महिनोन्महिने राहिलेला सेन्सर सरकतो, आणि त्याने मध्ये एकदाही तपासला नाही. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठात थोडं पाणी घालून ओला लगदा करा, सेन्सरसकट घट्ट डब्यात ठेवा (लगद्याचा सेन्सरला स्पर्श नको), काही तासांनी ७५ टक्के दिसायला हवेत. तापमानासाठी ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आहेच. नेमका ह्याच पट्ट्यात तो चांगला चालतो.

तापमानावर अहवालात एक ओळ आहे, '३७.५ स्थिर'. कुठे स्थिर? पेटीत पंखा नाही, सेन्सर झाकणाला चिकटवलेला. पंखा नसला की वरची हवा गरम आणि तळाची गार राहते, म्हणून अशा पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला थोडं जास्त, ३८.३ ते ३८.९ पर्यंत ठेवायला सांगतात. ३७.५ हा आकडा पंख्याने हवा फिरवणाऱ्या मशीनचा. कोल्हापुरात पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तसल्या केंद्राचा तक्ता माडीवरच्या पेटीला चिकटवता येत नाही. आणि हवेचं तापमान म्हणजे गर्भाचं तापमान नव्हेच. फ्रेंच यांचा १९९७ चा 'पोल्ट्री सायन्स'मधला लेख ह्यासाठी वाचा: उबवणीच्या उत्तरार्धात गर्भ स्वतः उष्णता तयार करतो आणि अंडं आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम होतं. लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थेट कवचाचं तापमान धरून प्रयोग केले, ते ह्याचसाठी.

मग मोजायचं काय? माझं मत: वजन. अंड्याला आर्द्रता कळत नाही, त्याला फक्त पाणी गमावणं कळतं. राहन, आर आणि पॅगानेली ह्यांच्या गटाने १९७४ मध्ये हे नीट मांडलं. कवचाची छिद्रं किती बाष्प सोडतात आणि आत-बाहेरच्या बाष्पदाबात किती फरक आहे, ह्यांच्या गुणाकारावर घट ठरते. कोंबडीच्या अंड्याने १८ दिवसांत साधारण १२ टक्के वजन गमवावं. कमी गमावलं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू सुजट, ओलं होऊन आतच गुदमरतं. जास्त गमावलं तर पडदा सुकून अंगाला चिकटतो. त्याच गणिताने, ५५ टक्क्यांना १२ टक्के घट होत असेल तर ६५ ला साधारण ९.३ टक्केच होईल. म्हणजे जुलैच्या खेपेत खरंच ६५ होते का, हे वजनानेच सांगितलं असतं. सुमारे ५७० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथे बाष्प समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के जास्त वेगाने बाहेर पडतं. वजन मोजलं की हाही हिशोब आपोआप येतो.

५० ग्रॅमच्या एका अंड्याची रोजची घट ०.३३ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसणार नाही. पण २४ अंडी एकत्र ठेवली तर रोजचे ८ ग्रॅम, ते दिसतात. सरासरी मात्र लपवते. गावठी अंड्यांची कवचं एकसारखी नसतात, एकाने १७ टक्के गमावलं आणि दुसऱ्याने ८, तरी सरासरी साजरी दिसते. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने नंबर टाका आणि सराफाकडे असतो तसला ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. गुजरीतल्या कुठल्याही दुकानात तो कसा दिसतो ते बघून या.

न उबलेली अंडी त्याने फेकून दिली, ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. सहा आणि चार, दहा अंडी. ती फोडून बघितली असती तर गर्भ तिसऱ्या दिवशी गेला की विसाव्या, पोकळीत चोच गेली होती की नाही, हे दिसलं असतं. वास येतो, खरंय. पण प्रयोगातली सगळ्यात जास्त माहिती त्या दहांत होती.

मी त्याला सुचवलंय की ऋतू नको, एकाच दिवशी दोन पेट्या लाव. अंडी एकाच कळपातली, चिठ्ठ्या टाकून वाटलेली. आणि जमलं तर एक खुडूक कोंबडी त्याच अंड्यांवर बसव. तिच्याखालच्या अंड्यांचंही वजन घे. मावशीला तूर्त फोन करून ६५ चा आकडा थांबवलाय. मशीन मात्र त्यांनी बुक केलंय.