गल्ल्यामागचा माणूस

आमच्या कोल्हापूरकडे लग्न ठरले की वडीलधारी मंडळी पहिली चौकशी करतात ती बस्त्याची. बस्ता बांधायचा म्हणजे गांधीनगरला जायचे, हेही बहुधा ठरलेलेच. निपाणी-चिकोडीकडची मंडळी तेथे येतात, कोकणातली येतात, गोव्याचीही येतात. दुकानदार गादीवर बसवतो, चहा मागवतो आणि साड्यांच्या घड्या उलगडीत जातो. गिऱ्हाईक मराठी तर बोलणे मराठीत, कानडी तर चार शब्द कानडीत. भावाशी मात्र हलक्या आवाजात सिंधी. या माणसाला मी मराठी कादंबरीत शोधीत आलो आहे. अजून तो मला भेटलेला नाही.

आपल्या कथेत दुकानदार पुष्कळ आहेत. नायकाची आई दागिना गहाण टाकायला येते, शेटजी चष्म्यावरून पाहतात, सुपारी कातरतात आणि कथा पुढे निघून जाते. गल्ल्यामागे लेखक जातच नाही. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्याच्या तर नावाचेच आपण विशेषण करून टाकले. ‘मारवाडी’ हा शब्द चिक्कूपणासाठी वापरणाऱ्या भाषेत त्या माणसाची कादंबरी लिहिली जावी तरी कशी? श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’त (1952) सुपारीच्या व्यापाराला मानाची जागा मिळाली खरी, पण बापू पडला गावचाच.

गांधीनगरची गोष्ट तर लेखकाला आयती मिळालेली. वळिवड्यास 1943 पासून पोलंडच्या सुमारे 5,000 निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायकामुलेच अधिक. महायुद्ध संपले, 1948 पर्यंत ती मंडळी निघून गेली, आणि त्याच जागी फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांनी चूल मांडली. हिंदी, उर्दू, पंजाबीत फाळणीवर केवढे लिहिले गेले! मराठी लेखकाची समजूत अशी की, ती आपल्या मुलखात घडलीच नाही. अहो, ती आमच्या शहराच्या वेशीबाहेर पाऊणशे वर्षे कापड विकते आहे!

ज्याला शेत नाही, वतन नाही, गावकीचा आधार नाही, त्याने काय करावे? तागे उधारीवर उचलावे, थोडक्या नफ्यावर चटकन विकावे, उधारी फेडून पुन्हा तागे उचलावे. पत हीच त्याची जमीन. हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याला त्याची घासाघीस म्हणजे निव्वळ लोभ वाटतो.

येथे निपाणीचे महादेव मोरे आठवतात. 1956 साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली. मोरे तेथेच पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजातली पोरे त्यांनी पोटाच्या धंद्यासकट पानावर आणली. त्यांना ‘ग्रामीण’ या कप्प्यात घालणे मला कधीच पटलेले नाही. निपाणी ही पेठ आहे, आणि मोरे हे पेठेचे लेखक. माणूस दिवसाकाठी काय मिळवतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. आमच्या पुष्कळ नामवंतांचे नायक कशावर जगतात, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

गांधीनगरला असा कोणी लेखक लाभला, तर त्याने फार दूर जाऊ नये. आजोबांच्या जमाखर्चाची पहिली वही कोणत्या लिपीत आहे, आणि मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला ती वाचता येते का, एवढेच दुकानात बसून विचारावे.