पॉटरचा खोंड

चित्रातलं आपल्याला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. त्याला कारण औंध. सातारकर असल्यामुळे शाळेच्या सहलीत तिथलं संग्रहालय पाहिलं होतं आणि रविवर्म्याच्या चित्रापुढे मान तिरकी करून उभं राहायला शिकलो होतो. पुढे बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो. मग मान तिरकी व्हायची ती फक्त बेरीज जुळेना तेव्हा.

बदली होऊन सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे आलो. शाखेच्या भिंतीवर एक छापील चित्र होतं : डच चित्रकार पाउलुस पॉटर याचा 'खोंड'. साल १६४७. मूळ चित्र हेग शहरातल्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. सुमारे ११ फूट लांब, पावणेआठ फूट उंच! एवढी जागा एरवी राजेमहाराजांना मिळायची. या एकवीस-बावीस वर्षांच्या पोरानं ती खोंडाला दिली. शेजारी गाय, मेंढरं, झाडाला टेकलेला शेतकरी. 'काय जिवंत जनावर आहे!' असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

२०१३ च्या दुष्काळात एक आबा आले. त्यांचा खिलार बैल गेला होता आणि विम्याचा दावा परत आला होता. शेरा : वर्णन जुळत नाही. मी कागद शोधेपर्यंत आबा चित्र बघत बसले.

"सायेब, ह्यो एक खोंड न्हाई."

"म्हणजे?"

"शिंगं बगा, कालची. खांदा बगा, जुन्या जनावराचा. दोन-तीन जनावरं जोडल्याती."

मी हसलो. पुढे वाचलं, तर तज्ज्ञांचंही तेच म्हणणं : पॉटरनं वेगवेगळ्या वयाच्या जनावरांचे भाग जोडून हा खोंड केलाय. त्यांना त्यासाठी अभ्यास करावा लागला. आबांना बाकड्यावर पाच मिनिटं पुरली.

तेवढ्यात कागद सापडला. 'रंग पांढरा, शिंगे दोन्ही सरळ.' अक्षर माझं. आबांच्या बैलाचं डावं शिंग मोडकं होतं. पुढचेमागचे फॉर्म चाळले : रंग पांढरा, शिंगे दोन्ही सरळ. तालुक्याची सगळी जनावरं मी खुर्चीत बसून एकाच साच्यातून काढली होती.

पॉटरनं अनेक जनावरांचं एक केलं, मीही केलं. मग त्याचं संग्रहालयात आणि माझं परत का आलं? पुन्हा चित्र पाहिलं. गवतात बेडूक आहे. शेण पडलंय, माश्या आहेत. खोंड जोडकामाचा असेल, पण प्रत्येक तुकडा त्यानं जवळ जाऊन पाहिलाय. शेण खुर्चीत बसून रंगवता येत नाही.

आबांसाठी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, दोनदा पाठवलं. पैसे आले नाहीत. आबांनी मला बोल लावला नाही, हे जास्त लागलं.

आता मी गोठ्यात उभा राहून फॉर्म भरतो. पँटला शेण लागतं. घरी चौकशी झाली की पॉटरचं नाव सांगतो.