सखूचा दोर कोणी सोडला?



मागच्या महिन्यात एका गावच्या हरिनाम सप्ताहात श्रोता म्हणून बसलो होतो. कीर्तनकार तरुण, गळा गोड, पाठांतर चोख. कऱ्हाडच्या सखूबाईचे चरित्र लावले. सासूची नक्कल अशी केली की सगळा मंडप हसला. खांबाला बांधले तिथे पदर डोळ्यांना लागले. मग बुवा म्हणाले, "मायबाईंनो, सखूने सोसले म्हणून तिला देव भेटला. सोसायला शिका."

टाळ्या झाल्या. माझ्या पोटात मात्र कालवले, कारण हेच वाक्य मी चाळीस वर्षे म्हणत आलो होतो.

वाचकहो, चरित्र तुम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा नीट पाहा. कृष्णेवर पाण्याला गेलेली सून दिंडीबरोबर पंढरीला निघाली, म्हणून तिला मारून घरी आणले आणि दोराने खांबाशी आवळले. मग देव आला. त्याने 'सोस' म्हटले का? 'तुझेच काही चुकले असेल' म्हटले का? सासूला बोलावून समेट घडवला का? त्याने आधी गाठ सोडली. तिला वाटेला लावले आणि त्याच दोरात स्वतः उभा राहिला. एवढा मोठा प्रसंग आम्ही दोन वाक्यांत उरकतो आणि सासूच्या नकलेला अर्धा तास देतो. हा चरित्राचा दोष नव्हे, सांगणाऱ्याचा आहे.

कोणी म्हणेल, शेवटी सासरच्यांना पश्चात्ताप झालाच ना? झाला. पण सखू दोरातून सुटल्यानंतर.

आणि ही 'घरातली गोष्ट' झाकायचीच असती, तर तुकोबारायांच्या शिष्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात नवऱ्याने केलेली मारहाण आपल्या अभंगांत का सांगितली असती? त्यांचे गुरुकृपेचे अभंग आम्ही गातो, ते मारहाणीचे मात्र चाळून पुढे जातो.

फार वर्षांपूर्वी कीर्तन संपल्यावर एक बाई पाया पडायला आली. वाकताना पदर सरकला, मानेवर वळ दिसले. हळूच म्हणाली, "महाराज, माझा दोर कोण सोडंल?" मी म्हणालो, "नाम घे माय, सगळं ठीक होईल." आणि नारळ हातात दिला. नाम घ्यायला सांगितले यात चूक नव्हती. तेवढ्यावरच तिला घरी धाडले, ही चूक होती.

आज ती समोर आली तर आधी तिच्यावर विश्वास ठेवीन. नवऱ्यासमोर किंवा चारचौघांत काही विचारणार नाही. त्याचा मार घरी गेल्यावर तिलाच बसतो. त्याला बोलावून 'जरा समजुतीने घ्या' असेही सांगणार नाही. निघायचे की राहायचे, ते ती ठरवील. आपण तिच्या हाताशी असावे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क तो तिला देतो. तो फक्त बायकोपुरता नाही. घरातल्या मुलाचा मार खाणारी म्हातारी आईसुद्धा त्यात येते. संरक्षण अधिकारी तिला अर्ज करायला मदत करतो, आणि त्याला खबर देणारा शेजारी, विणेकरी, दिंडीतला कोणीही चालतो. सद्भावनेने कळवले तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. देव बाईच्या रूपाने आला होता, हे मला इथे आठवते.

कीर्तनानंतर त्या तरुण बुवांना बाजूला घेऊन हे सगळे बोललो. ते आधी थोडे रागावले. "महाराज, अशाने संसार मोडतील." मी म्हणालो, "दोर सोडणाऱ्याने मोडला, की बांधणाऱ्याने?" ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले. लाह्या वाटायच्या आधी बुवांनी सखूचा दोर पुन्हा काढला, या वेळी नकलेशिवाय. मग म्हणाले, मार बसत असेल तर 181 लावा, जिवावरच बेतले तर 112. बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली. पंगतीत वाढताना माझ्या सूनबाईला दोघींनी तो आकडा पुन्हा विचारला. तिसरीने नुसता हात पुढे केला. सूनबाईने तिच्या तळव्यावर पेनाने लिहून दिला.