नळीवर कोरलेलं नाव कुणाचं? दुकानाच्या बंदुका आणि साधनांची पारख

पेट झाल्यावर मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमची प्राथमिक साधनं कोणती?" आपण यादी म्हणून दाखवतो. पण त्यामागचा दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो. ते साधन कुणी, कशासाठी तयार केलं होतं? आज हा दुसरा प्रश्न मी एका आडवळणाच्या विषयाला लावून बघणार आहे. विषय आहे डिपार्टमेंट स्टोअरच्या नावाने विकल्या गेलेल्या जुन्या बंदुका आणि त्यांवरचं संग्राहकांचं संशोधन.

आधी विषय समजून घेऊ. अमेरिकेत सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड ही मोठी दुकानं कपडे, शेगड्या, सायकली यांच्यासोबत बंदुकाही विकायची. सिअर्सच्या बंदुकांवर 'जे. सी. हिगिन्स' किंवा 'टेड विल्यम्स' असं नाव असायचं, वॉर्डच्या बंदुकांवर 'वेस्टर्न फील्ड'. पण या दुकानांनी त्या बनवलेल्या नव्हत्या. माल हाय स्टँडर्ड, मार्लिन, सॅव्हेज अशा कारखान्यांचा आणि नाव दुकानाचं. शिवाय १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट येईपर्यंत तिथे प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक टाकण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे अशी बंदूक हातात आली तर ती कुणी आणि कधी बनवली हे कळणं कठीण.

इथे संग्राहकांनी खरोखर चांगलं काम केलंय. सिअर्सच्या मॉडेल क्रमांकाच्या सुरुवातीचे आकडे म्हणजे पुरवठादाराचा संकेत, हे त्यांनी लावून दाखवलं. ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड, १०३ म्हणजे मार्लिन, १०१ म्हणजे सॅव्हेज. अशा जोड्यांचे मोठे तक्ते आहेत. विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी उभं केलेलं हे ज्ञान आहे आणि त्याची थट्टा करायचं कारण नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे तक्ते मुळात सुटे भाग शोधण्यासाठी वापरात आले. दुकानाच्या बंदुकीची स्प्रिंग तुटली तर कारखान्याच्या कोणत्या मॉडेलची बसेल, एवढंच त्यातून हवं होतं. आज तेच तक्ते इतिहासाचं साधन म्हणून उद्धृत होतात. स्प्रिंग बसते म्हणून दोन्ही बंदुका एकाच वर्षी, एकाच दर्जाच्या, एकाच ग्राहकासाठी बनल्या असं ठरत नाही. आणि एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरवलेली नोंद चार ठिकाणी दिसली, तरी ते चार पुरावे होत नाहीत. पुरावा एकच राहतो. तुमच्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातही नेमकं हेच तपासायचं असतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. ब्रिटिश लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला एक सहकारी संस्था काढली, पुढच्या वर्षी तिचं दुकान सुरू झालं आणि १८९१ मध्ये मुंबईत शाखा आली. १९०१ मध्ये कलकत्त्यालाही. हे दुकानसुद्धा स्वतःच्या नावाने बंदुका विकायचं. वेब्लीने बनवलेल्या रिव्हॉल्व्हरवर 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' असं कोरलेलं सापडतं. सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. संस्थेचं नाव अधिकृतपणे 'स्टोअर्स' झालं १९३४ मध्ये. म्हणजे नळीवरचं नाव बनवणारा सांगत नाही, पण काळाचा अंदाज देतं.

दुसरा आधार चाचणीच्या शिक्क्याचा. बर्मिंगहॅमला प्रत्येक नळीची चाचणी होऊन शिक्का बसायचा, आणि १९०४ च्या नियमांनी ते शिक्के बदलले. मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. अशी अक्षरं दिसली तर ती चाचणी १९०४ नंतरची. इथेही सावध राहा. जुन्या बंदुकीची पुन्हा चाचणी होऊ शकते, म्हणून शिक्का चाचणीचा काळ सांगतो, बनवल्याचा नाही.

या दुकानाचा १९०७ चा कॅटलॉग १९६९ मध्ये जसाच्या तसा छापला गेला. पुस्तकाचं नाव 'यस्टरडेज शॉपिंग', प्रस्तावना ॲलिसन ॲडबर्गहॅम यांची. साधन म्हणून हे पुस्तक मोलाचं आहे, कारण एका साम्राज्याच्या घरात काय काय लागायचं ते एका जागी दिसतं. पण नावच बघा: 'कालची खरेदी'. कुणाची काल? खरेदी करायला कोण पात्र होतं, हा प्रश्न त्या नावातच झाकला जातो.

बंदुकीच्या बाबतीत तर दोन दारं होती. पहिलं सभासदत्वाचं, कारण हे दुकान मुळात अधिकारीवर्गासाठी होतं. दुसरं कायद्याचं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू केला, युरोपियनांना मात्र सूट होती. कॅटलॉगमध्ये किंमत छापलेली असते, हे दुसरं दार छापलेलं नसतं. म्हणून कॅटलॉग वाचून "त्या काळी मुंबईत बंदूक सहज मिळायची" असं वाक्य लिहिलंत, तर साधन खोटं नसूनही निष्कर्ष खोटा ठरेल. कॅटलॉग काय विकायला होतं ते सांगतो. काय विकलं गेलं आणि कुणाला, ते सांगत नाही.

त्यासाठी विक्रीच्या वह्या लागतात. १९७३ मध्ये हे दुकान ग्लासगोच्या हाउस ऑफ फ्रेझरने घेतलं आणि आर्मी अँड नेव्हीची बंदूक-विक्रीची रजिस्टरं आता ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. अनुक्रमांकावरून तिथे नोंद शोधता येते. पण ती नोंद पहिल्या विक्रीची. पुढे ती बंदूक कुणाच्या खांद्यावर गेली, हे ग्लासगोत कळणार नाही.

आता हाच प्रश्न राजूरला आणून बघू. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० ते १९२६ चाललं. त्या काळात साहेब लोकांच्या बंदुका या डोंगरात आल्या का, आणि साहेब गेल्यावर त्यातली एखादी इथेच राहिली का? हा प्रश्न चांगला आहे, पण संग्राहकांच्या पद्धतीने तो सुटणार नाही. नळीवरचं नाव वाचून तुम्ही फार तर लंडन किंवा बर्मिंगहॅमपर्यंत पोहोचाल. इथल्या माणसापर्यंत यायचं तर वाट परवान्यांच्या नोंदी, जप्तीचे कागद आणि घराघरातल्या आठवणींतून जाते. हा आदिवासी मुलूख आहे. राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे, १८४८ मध्ये ठाण्याला त्यांना फाशी झाली. अशा मुलखात सरकारी कागदात बंदूक बहुधा गुन्ह्याच्या नोंदीत भेटणार, आणि साहेबाची बंदूक विक्रीच्या वहीत. दोन्हीकडे वस्तू एकच, पण वही वेगळी आणि वही लिहिणाऱ्याचा हेतू वेगळा. फक्त एकच वही वाचणारा अर्धाच इतिहास लिहील.

एक व्यावहारिक सूचना. गावात कुणाकडे जुनी दुनळी किंवा ठासणीची बंदूक आहे असं कळलं, तर अभ्यासासाठी म्हणून ती विकत घेऊ नका, घरी आणू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला. ते ठरवणं आपलं काम नाही. परवानाधारकाच्या संमतीने आणि त्याच्यासमोर शिक्के बघा, अक्षरं उतरवून घ्या, तेवढं पुरतं.

सिनॉप्सिस लिहिताना हा सराव करून बघा. तुमच्या प्रत्येक साधनापुढे तीन रकाने आखा: हे कुणी तयार केलं, कोणत्या कामासाठी, आणि यात कुणाची नोंद होणं शक्यच नव्हतं. पहिले दोन रकाने तासाभरात भरतील. तिसरा भरायला वेळ लागेल, आणि संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.